मंत्रालयातून बोलणाऱ्या ताई

नोकरीला लागून मला आठवडाही झाला नव्हता. रायपूरहून भनपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं खाजगी हॉस्पिटल, आणि मी तिथल्या नोंदणीच्या काउंटरवर. टेबलावरचा फोन वाजला आणि पलीकडून पान चघळत बोलणारा एक जाड पुरुषी आवाज आला, "मंत्रालय से बोल रहा हूँ."

मंत्रालय तेव्हा नुकतंच शहर सोडून नव्या रायपूरच्या मोकळ्या माळावर गेलं होतं. लांब गेल्यामुळे त्याचा दरारा कमी व्हायचा सोडून वाढलाच होता. मी खुर्चीतून उभी राहिले. त्या साहेबांनी सांगितलं की आरोग्य विभागाची तपासणी चालू आहे, तुमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आमच्याकडच्या नोंदीशी ताडून बघायचा आहे. मी सांगितला. त्यांना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितला, आणि वर 'थँक्यू सर' म्हटलं.

मग त्याच फोनमधून चक्क बाईचा आवाज आला, आमच्या गुढियारी वस्तीतल्या कुठल्याही घरात ऐकू येईल असा.

"जय भीम. अवो, उभी काहून राहिली? बस खाली. आन् शनिवारी कँटीनमध्ये ये."

मी वर पाहिलं. जिन्याच्या वळणावर काचेची एक लहानशी केबिन होती. तिच्यात पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, सुती साडीतल्या एक बाई फोन कानाला लावून माझ्याकडे बघत होत्या. ओळख अशी झाली.

त्या हॉस्पिटलच्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या प्रमुख होत्या. बाकीचा स्टाफ त्यांना दीदी म्हणायचा. मराठी बोलणारी मीच एक, त्यामुळे माझ्या त्या ताई झाल्या. त्यांचे वडील रेल्वेत, मूळचे भंडाऱ्याकडचे. ताई रेल्वे कॉलनीत वाढल्या आणि राज्य वेगळं व्हायच्या आधीच, कॉम्प्युटर बघायला लोक रांग लावायचे त्या काळात, तो शिकल्या. आवाज मात्र त्यांनी जयंतीच्या नाटकांत कमावले होते. वस्तीतले पुरुष पाठांतराला कंटाळायचे, म्हणून जमीनदार, पाटील, फौजदार अशा सगळ्या दुष्ट भूमिका त्यांच्याच वाट्याला यायच्या. साडीखाली त्या पळायचे बूट घालत आणि पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर ठेवत. मशीन आपल्या जागी गुमान बसून राहते, तिचा काही त्रास नाही, त्रास तिच्यासमोर बसणाऱ्याचा आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या समोरच्या माणसांचीच त्या काळजी घ्यायच्या. रोज सकाळी मजल्या-मजल्यावर फिरून मॉनिटरला चिकटवलेल्या, कीबोर्डखाली सरकवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या गोळा करत. आमच्याकडच्या आया आणि वॉर्डबॉय दातांना गुडाखू लावायचे, तंबाखूची काळी पेस्ट. तिची डबी या हातातून त्या हातात फिरत असते, नाही म्हणायची पद्धत नाही. ताई प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या, पासवर्ड म्हणजे गुडाखूची डबी नव्हे, कोणी हात पुढे केला की द्यायला. स्वतःचा पासवर्ड टाकताना त्या हातांवर छोटा टॉवेल पसरत आणि मोठ्यानं गाणं म्हणत. बोटांचा आवाज मोजूनही पासवर्डाची लांबी कळते, असं त्यांचं म्हणणं. गाणं ऐकू आलं की ताई कामाला लागल्या, एवढं सगळ्यांना कळायचं.

मग त्यांचे पेन ड्राइव्ह. पार्किंगमध्ये, हात धुवायच्या जागी, कधी लिफ्टच्या कोपऱ्यात त्या एखादा पेन ड्राइव्ह 'चुकून' पाडून ठेवत. वर चिठ्ठी असायची, 'पगारवाढ'. तो उचलून जो कोणी कॉम्प्युटरला लावेल त्याच्या स्क्रीनभर ताईंचा डोळे वटारलेला फोटो यायचा, खाली मराठीत लिहिलेलं, 'काय पाहून राहिले?' ज्यांना मराठी येत नसे ते बिचारे अर्थ विचारायला माझ्याकडे यायचे आणि आपण होऊन सापडायचे.

शनिवारचं कँटीन काय असतं ते मला त्याच आठवड्यात कळलं. जेवणाच्या सुट्टीत, त्या आठवड्यात फसलेल्या माणसानं सगळ्यांपुढे आपली गोष्ट सांगायची. काय फोन आला, काय वाटलं, कुठे भुललो. सांगून झालं की ताई स्वतःच्या हातानं त्याला गरम जलेबी वाढत. ज्यांनी फोन ओळखला त्यांना काही नाही. मला हे उलटंच वाटलं. मी विचारलंही. ताई म्हणाल्या की ओळखणं हे आपलं कामच आहे, त्याला जलेबी कशाला. फसल्यावर येऊन सांगणं कठीण असतं. चोर घरात शिरला हे ज्याला माहीत आहे तोच लाजून गप्प बसला तर मी काय करू? मी माझी गोष्ट सांगितली, 'थँक्यू सर'सकट. लोक हसले. जलेबी छान होती.

तर असे ताईंचे आवाज हॉस्पिटलभर फिरत असायचे. बँकेची गोड बोलणारी मुलगी, दिल्लीचा घाईतला इंजिनियर, कुरियरवाला, आणि मंत्रालय. लोक इतके तयार झाले की फोन उचलताना आधी कान टवकारायचे. हीच तयारी पुढे अंगाशी आली.

साहू भैया रिपोर्टच्या टेबलावर बसायचे. गोल चेहऱ्याचे, शांत, कधी कोणाला दुखावणार नाहीत असे. डेंग्यूचे दिवस होते, सगळे वॉर्ड भरलेले, आणि रोजचा आकडा सरकारला कळवायचं काम त्यांच्याकडे होतं. एका दुपारी त्यांना फोन आला, मंत्रालय से बोल रहा हूँ, आज की लिस्ट अभी तक नहीं आई. साहू भैया खुर्चीत मागे टेकले आणि प्रेमानं म्हणाले, "दीदी, आज गला बैठ गया है क्या?"

पलीकडचा माणूस ओरडायला लागला. साहू भैयांनी कौतुकानं मान हलवली आणि सांगितलं, हां, अब जम रहा है. तो आणखी चढला. यांनी त्याला थोडं पाणी प्यायचा सल्ला दिला आणि फोन ठेवला. तो माणूस खरोखरच मंत्रालयातला होता.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी ताईंना बोलावलं. मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. उंच, गोरेपान, कमी बोलणारे, आणि त्यांच्यासमोर सिनियर सिस्टरसुद्धा पुटपुटत बोलायच्या. त्यांनी ताईंना सांगितलं की हे नाटक आजपासून बंद. फोन नाही, पेन ड्राइव्ह नाही, कँटीनमधली सभा नाही. पुन्हा असं काही कानावर आलं तर दुसरी नोकरी बघा.

त्या दिवशी मी आणि ताई शेअर ऑटोपर्यंत बरोबर चालत गेलो. मला वाटलं त्या चिडल्या असतील. त्या म्हणाल्या, साहेबांचं काही चूक नाही, सरकारी माणसाचा अपमान झाला, हॉस्पिटल चालवायचं म्हणजे ते बघावंच लागतं. थोडं चालून झाल्यावर थांबल्या.

"एक गोष्ट सांगू? मी सगळ्याइले फोन केला. तुले, साहूले, सिस्टरले. साहेबांले कधीच नाही केला. भीती वाटे मले. मोठ्या माणसाले कोणी पारखून पाहात नाही, म्हणून तोच कच्चा राह्यते."

मग त्या खरंच गप्प झाल्या. चिठ्ठ्या गोळा करणं चालू होतं, टॉवेल आणि गाणं चालू होतं, पण फोन बंद. आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. फोन वाजला आणि खरंच कोणी तरी पेशंटची चौकशी करत असलं की थोडी निराशा व्हायची. शनिवारी लोक सवयीनं कँटीनमध्ये जमायचे आणि काही न बोलता जेवून उठायचे.

डेंग्यूची गर्दी अजून ओसरली नव्हती तेव्हाची गोष्ट. सकाळी माझ्याकडे फोन आला. एक तरुण, अतिशय नम्र आवाज. आपण सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, तुमच्या रिपोर्टच्या प्रोग्रॅमची मुदत आज संपतेय, मोठ्या डॉक्टरसाहेबांनीच आम्हाला सांगितलंय, तेव्हा स्क्रीनवर जो नंबर दिसेल तो फक्त वाचून दाखवा. माझा आनंद मावेना. ताईंनी पुन्हा सुरू केलं! आणि आवाज तर असा नवा, असा घासूनपुसून काढलेला. मी हसून म्हटलं, "ताई, जलेबी यावेळी तुम्हीच खा," आणि फोन ठेवला.

तशीच जिना चढून केबिनमध्ये गेले आणि त्यांचं कौतुक केलं. ताई न्याहारीच्या डब्याचं झाकण लावत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मी नाही केला वो फोन," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, त्यानं नेमकं काय म्हटलं. मी सांगितलं. 'मोठ्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय' हे ऐकल्याबरोबर त्या उठल्या आणि पळायला लागल्या. त्या बुटांचा उपयोग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी मागे.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीचं दार ताईंनी न विचारता उघडलं. डॉक्टर खुर्चीत बसलेले, फोन कानाला, आणि त्यांचे दोन्ही हात माउसपासून लांब असताना स्क्रीनवरचा बाण आपला आपण इकडून तिकडे फिरत होता, फाइली उघडत होता. ताईंनी वाकून भिंतीतली इंटरनेटची निळी वायर उपटली. बाण जागच्या जागी थांबला. मग डॉक्टरांच्या हातातून फोन घेतला, क्षणभर ऐकला आणि खाली ठेवला.

त्यांनी विचारलं, साहेब, त्याला काय काय सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. ताईंनी मला दार लावायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं, तितक्याच हळू आवाजात. खाली वॉर्डात तापानं फणफणलेली माणसं होती. त्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट किती, कोणाला लगेच चढवायच्या, हे सगळं लॅबच्या कॉम्प्युटरवरून वर येत होतं, आणि डॉक्टरांच्या पासवर्डानं ते सगळं उघडत होतं. हे तिघांनाही माहीत होतं.

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "नंबर दिया. फिर पासवर्ड दिया. फिर मोबाइल पर जो कोड आया, वह भी."

"बस्स," ताई म्हणाल्या. "अब मुझे मालूम है, कौन सा दरवाज़ा बंद करना है."

आणि पुन्हा पळाल्या. सर्व्हरच्या खोलीत त्यांनी आधी डॉक्टरांच्या नावानं उघडणारं सगळं बंद केलं, मग लॅबची वायर बाकी सगळ्यांपासून तोडली. पेशंटच्या जुन्या कागदपत्रांचा साठा तोवर त्या माणसाच्या तावडीत सापडला होता. फाइलींची नावं जाऊन तिथे अगम्य अक्षरं आली होती आणि एकही उघडत नव्हती. लॅब मात्र वाचली. तो दिवस आम्ही हातानं काढला. मी लॅबमधून वॉर्डात आणि वॉर्डातून लॅबमध्ये चिठ्ठ्या घेऊन धावत होते, साहू भैया प्रत्येक सिस्टरला रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवत होते.

जुने कागद ताईंनी संध्याकाळपर्यंत परत आणले. त्या दर आठवड्याला सगळ्याची एक प्रत काढून कुलपात ठेवायच्या आणि नुसती ठेवायच्या नाहीत, एका जुनाट कॉम्प्युटरवर ती उघडून बघायच्या. आम्ही या उद्योगाला हसायचो. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे नुसती आशा, असं त्या म्हणायच्या. त्या संध्याकाळी कोणी हसलं नाही. पहिला जुना रिपोर्ट स्क्रीनवर उघडला तेव्हा साहू भैयांनी त्याला नमस्कार केला.

डॉक्टरांना फोन आला होता हे आम्हा तिघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. बाकीच्यांना 'कॉम्प्युटर बिघडला' एवढंच. मला वाटलं ते तसंच राहील. ताईंनीही एक शब्द काढला नाही.

शनिवारी आम्ही कँटीनमध्ये जेवत होतो. मोठे डॉक्टर आत आले. ते तिथे कधी येत नसत, त्यामुळे अर्धे लोक घास हातात धरूनच उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, एक स्टीलची खुर्ची ओढली आणि ताईंना विचारलं की सुरुवात कुठून करायची असते.

मग त्यांनी सगळं सांगितलं. शस्त्रक्रियेबद्दल सांगावं तसं, एकेक टप्पा, काही न वगळता. त्या माणसाला त्यांचं नाव, त्यांची डिग्री, त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव सगळं माहीत होतं. त्यानं घाई केली नाही. सर, सर करत राहिला. नंबर सांगितला, पासवर्ड सांगितला, कोड सांगितला. ताईंनी शेवटी एकच प्रश्न केला, मध्येच फोन ठेवावासा वाटला होता का?

डॉक्टर म्हणाले, एकदा वाटलं. कोड मागितला तेव्हा. पण इतक्या सभ्य माणसाचा फोन मध्येच ठेवणं बरं दिसलं नाही.

पहिल्यांदा साहू भैया हसले, आणि मग घाबरून थांबले. पण डॉक्टरच हसत होते, म्हणून सगळे हसले. ताईंनी जाहीर केलं की उद्यापासून सगळ्यांनी फोनवर थोडं उद्धट व्हायला शिकायचं. हे आमच्या लोकांनी इतकं मनावर घेतलं की पुढचा महिनाभर पेशंटांच्या नातेवाइकांच्या तक्रारी येत होत्या.

जलेबी आलेली नव्हती. डॉक्टर येतील अशी कोणाला अपेक्षाच नव्हती. लोक उठायच्या बेतात होते तेव्हा दाराजवळून आवाज आला, "साहेब, मोला घलो फोन आथे."

मलाही फोन येतो, असं म्हणत होती दुलारी. वॉर्डाची सफाई करायची ती, बीरगावहून यायची. मी तिला कधी चार शब्द सलग बोलताना ऐकलं नव्हतं. आता पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत ती बोलत होती. कोणी तरी थानेदार तिला रोज फोन करतो. तुझ्या पोराचं नाव एका केसमध्ये आलंय म्हणतो. कोणाला सांगितलं, पोराला विचारलं, तर उचलून नेऊ. पोरगा उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला. मागितलं म्हणून पोराचा फोटो, त्याचं ओळखपत्र तिनं त्या थानेदाराला पाठवून दिलं होतं. तेव्हापासून ती पोराला कामावरून थेट घरी बोलवायची, दोस्तांकडे जाऊ द्यायची नाही, कारण सांगायची नाही. पोरगा तिच्याशी बोलेनासा झाला होता.

ताईंनी तिला आपल्या शेजारी बसवलं. खरा थानेदार असं कधी करत नाही, हे सांगितलं. मग विचारलं, आज फोन येणार का?

"हव," दुलारी म्हणाली. तो रोज जेवणाच्या सुट्टीतच करायचा.

कोणी उठलं नाही. डॉक्टरही बसून राहिले. सुट्टी संपत आली. टेबलावर ठेवलेला तिचा फोन वाजला तेव्हा दुलारीनं ताईंकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. आता ताई कोणता आवाज काढतात, कमिशनरचा की मंत्र्याचा, असं मला झालं होतं. ताईंनी स्पीकर सुरू केला आणि फोन दुलारीपुढे सरकवला.

पलीकडून दरडावणारा आवाज आला, कुठे आहेस, आजूबाजूला कोणी आहे का, एकटी आहेस ना?

दुलारीनं मान वर करून बघितलं. डॉक्टर, साहू भैया, सिस्टर, भाजी वाढणारा, भांडी घासणारी, मी.

"अकेल्ला नइ हंव," ती म्हणाली. "पूरा अस्पताल बइठे हे."

मग त्यानंच फोन कापला.

डॉक्टर म्हणाले, माझी गाडी घ्या आणि हा नंबर आत्ताच्या आत्ता ठाण्यात नेऊन द्या. ताई उठल्या. दुलारीनं त्यांना हातानंच थांबवलं आणि पोराला फोन लावला. स्पीकर बंद करायचं तिला सुचलं नाही, त्यामुळे आम्ही सगळे ऐकत होतो. पोरगा मशीनच्या खडखडाटातून वैतागून आईला म्हणाला, "का होगे, दाई?"

काही नाही बेटा, ती म्हणाली. आज सुटल्यावर दोस्तांबरोबर फिरायला जा. जेवून ये हवं तर. मी काही म्हणणार नाही.

खडखडाट ऐकू येत राहिला. मग सावध होऊन, एकेक शब्द तोलत पोरानं विचारलं, "तैं कोन बोलत हस?"

ताई डॉक्टरांकडे वळल्या.

"साहब, इस लड़के को रख लीजिए," त्या म्हणाल्या.